मधुभाऊंसाठी येणारा राग

'ठरलं तर मग' मधले मधुभाऊ तुरुंगात होते त्या काळात नागपुरातल्या कितीतरी घरांत रोज रात्री लोक चिडत होते, आणि ती चीड खरी होती, हे मला सगळ्यांत आधी सांगायचं आहे. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०२२ मध्ये ही मालिका सुरू झाली. आश्रम चालवणाऱ्या मधुभाऊंवर त्यांनी न केलेल्या खुनाचा आळ येतो, आणि त्यांना वडिलांच्या जागी मानणारी सायली त्यांच्या सुटकेसाठी वकील अर्जुनशी कराराचं लग्न करते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत प्रेक्षकांची दोन वर्षांहून जास्त गेली. या काळात भिशीत, लग्नाच्या पंगतीत, संध्याकाळी कॉलनीच्या बाकांवर मी जे ऐकलं ते सगळीकडे जवळपास सारखंच होतं. "त्या म्हाताऱ्याले काहून एवढं छळून राहिले?" "जजले दिसत नाही का तो खोटं बोलून राहिला ते?" "पाणी घालून घालून केस वाढवून राहिले, सोडा न आता त्याईले."

असं बोलणाऱ्या बायकांना त्यांच्याच घरात हसतात. "आई, सिरियल आहे ती," असं म्हणून मुलं मोबाईलमध्ये डोकं घालतात. मला हे हसणं पटत नाही. ज्याच्याशी आपलं नातं नाही, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही, अशा माणसाला विनाकारण कोंडलं म्हणून जीव तळमळणं ही लहान गोष्ट नाही. राज्यघटनेने नागरिकाला अटकेपासून जी संरक्षणं दिली, ती ज्यांनी लिहिली त्यांच्या मनातही हीच तळमळ असणार. माझा प्रश्न वेगळा आहे. हा राग टीव्ही बंद झाल्यावर जातो कुठे? आपल्या शहरात वर्धा रोडवर, राहाटे कॉलनीजवळ, मध्यवर्ती कारागृह आहे. रोज हजारो लोक त्याच्यावरून जातात. मेट्रोतून जाणाऱ्याला तर त्याचा आवाका वरून दिसतो. आत कोण आहे आणि का आहे, याची चर्चा मात्र भिशीत होत नाही.

राग पडद्याबाहेर येऊ शकतो, याचे दाखले आहेत. इंग्लंडमध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका १९६० पासून चालू आहे. १९९८ मध्ये तिच्यातल्या डिअर्ड्री या मध्यमवयीन बाईला दीड वर्षाची शिक्षा झाली. तिचा दोष एवढाच की वैमानिक असल्याची थाप मारणाऱ्या एका भामट्यावर तिने जीव लावला होता, आणि फसवणूक त्याची असून अडकली ती. प्रेक्षक खवळले. वर्तमानपत्रांनी तिच्या सुटकेची मोहीम काढली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही गृहमंत्र्यांना यात लक्ष घालायला सांगू असं म्हटलं. डिअर्ड्री तीन आठवड्यांत सुटली आणि मोहीमही तिथेच थांबली. पुढे २०१६ मध्ये बीबीसीच्या 'द आर्चर्स' या रेडिओ मालिकेत नवऱ्याच्या छळाने पिचलेली हेलन त्याच्यावर वार करून कोठडीत गेली. या कथेच्या काळात श्रोत्यांनी तिच्या नावाने निधी उभारला. एक लाख पौंडांच्या वर रक्कम जमली आणि ती छळाने घर सोडावं लागलेल्या खऱ्या बायकांना आधार देणाऱ्या संस्थेला मिळाली. आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या आयटीव्ही वाहिनीने पोस्टमास्तरांवर झालेल्या अन्यायाची चार भागांची मालिका दाखवली. १९९९ ते २०१५ या काळात 'होरायझन' नावाच्या संगणक प्रणालीने हिशेबात खोटी तूट दाखवली आणि त्यावरून ९०० हून जास्त पोस्टमास्तर चोर ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरंदारं गेली. प्रणालीत दोष आहेत हे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं होतं, अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकदम रद्दही केली होती. तरी सरकार सावकाश चालत होतं. मालिका दाखवल्यावर लोक उठले, आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या.

म्हणजे टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचा राग कायदा घडवू शकतो. मग आपला का विरतो?

मला याचं कारण मालिका ज्या पद्धतीने सांगितली जाते त्यात दिसतं. मधुभाऊ निर्दोष आहेत हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खोटं कोण बोलतंय, डाव कोण रचतंय, पुरावा कोणी दडवलाय, हे सगळं कॅमेऱ्याने आपल्याला दाखवून ठेवलं होतं. त्यामुळे पोलिसाची गुर्मी, सरकारी वकिलाचा टोमणा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज यातली प्रत्येक गोष्ट आपल्याला टोचत होती. शहरात असं कोणी काही दाखवून ठेवत नाही. सकाळी पेपर उघडला की फोटो असतो. तोंडावर काळं कापड बांधलेले दोनतीन तरुण खाली बसलेले, मागे पथकातले अधिकारी रांगेत उभे. खाली दोन ओळी, इतक्या दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला. चहा संपेपर्यंत आपलं मत झालेलं असतं. अलीकडे संशयितांची भरवस्तीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ फिरतात आणि मधुभाऊंसाठी हळहळणारी तीच बोटं त्यांच्याखाली टाळ्यांची चिन्हं टाकतात. त्या पोरांबद्दल आपल्याला काय माहीत असतं? पोलिसांनी धरलं, एवढंच. मधुभाऊंनाही पोलिसांनीच धरलं होतं.

गुन्हा शाबीत होईपर्यंत माणसाला निर्दोष मानायचं, हा नियम गुन्हेगारांवर दया म्हणून आलेला नाही. ती रात्र न्यायाधीशाने पाहिलेली नसते, पोलिसांनी पाहिलेली नसते, तुम्हीआम्हीही नाही. काही न पाहता निकाल द्यायचा आहे, आणि चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूने झालेली चालेल, हे त्या नियमाने ठरवून ठेवलं आहे. जे काम मालिकेत कॅमेरा करतो, ते खऱ्या जगात या नियमाने करायचं असतं. आपण प्रेक्षक म्हणून कॅमेऱ्यावर जितका विश्वास ठेवतो त्याच्या चौथा हिस्साही या नियमावर ठेवत नाही. माझी तक्रार आहे ती ही.

आपल्याच महाराष्ट्रातलं एक प्रकरण बघा. जून २००३ मध्ये नाशिक भागात शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. वाचून आजही अंगावर काटा येतो असा गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे, अत्यंत गरीब. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. सहाच्या सहा. देशातल्या सगळ्यांत वरच्या न्यायालयाने कडक शिक्षा दिली म्हणून त्या वेळी कोणाला वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. मला स्वतःला वाटलं नसतं.

दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या हल्ल्यातून वाचलेल्या आईला पोलिसांनी घटनेनंतर थोड्याच दिवसांत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातले चार चेहरे ओळखले होते. ते चौघं दुसरेच होते, पकडलेल्या सहांपैकी एकही त्यांत नव्हता. पोलिसांनी त्या चौघांचा तपास केला नाही, आणि ही गोष्ट खटल्यात बाजूला पडून राहिली. सहांपैकी अंकुश शिंदे गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यानंतर काही वर्षांनी, २०१२ मध्ये, शाबीत झालं. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली बहुतेक फाशीच्या सावटाखाली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. गंभीर गुन्ह्यांत कधीकधी निरपराध माणसं गोवली जातात, आणि ही माणसं खालच्या थरातली, गरीब असल्यामुळे त्यांना खोटं गोवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचं निरीक्षणही त्या निकालात आहे.

यात मालिकेला लागणारं सगळं होतं. दडवलेला पुरावा होता, खरे गुन्हेगार मोकळे होते, वर्षानुवर्षं वाट बघणारी घरं होती. नव्हता तो फक्त आपल्याला आधीच सगळं सांगून ठेवणारा कोणी. म्हणून सोळा वर्षांत त्या सहा जणांसाठी कोणाच्या घरात जेवण थांबलं नाही.

आणि नागपूरचा तुरुंग. येरवड्याप्रमाणेच इथेही फाशीची सोय असल्याने राज्यातले फाशीचे अनेक कैदी वर्षानुवर्षं इथे असतात. मार्च २०२३ मध्ये इथून निरानाराम चौधरी बाहेर पडला. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात त्याला फाशी झाली होती. त्याच्या बाबतीत गुन्हाच केला नाही असं न्यायालय म्हणालं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदींवरून मान्य झालं. इतक्या लहान मुलाला कायद्याने फार तर तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षं आत होता. मार्च २०२४ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपात जन्मठेप झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा इथूनच चाकांच्या खुर्चीत बाहेर आले. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने त्यांना एकदा ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, आणि फेरसुनावणीत मार्च २०२४ मध्ये याच खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. त्याच प्रकरणातला पांडू नरोटे त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, कैदेत असताना वारला होता. साईबाबा स्वतः सुटल्यावर सात महिन्यांत गेले. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना निर्दोष ठरवलं, तेव्हा त्यांतले काही नागपूरच्याच तुरुंगात होते. बारांपैकी एक जण २०२१ मध्ये करोनाने इथेच मेला. त्याचं निर्दोषत्व त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी जाहीर झालं. त्या निकालाविरुद्धचं सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे.

या शेवटच्या दोन खटल्यांची नावं काढली की लगेच माणसं बाजू घेतात, हे मला माहीत आहे. कोणी कोणत्या विचारांचा, कोणत्या धर्माचा, यावरून राग कोणासाठी येणार ते ठरतं. मालिका बघताना मात्र आपण असं करत नाही. मधुभाऊंची जात, त्यांचं मत कोणी विचारलं नाही. माणूस बघून न्यायाची आस धरायची नाही, एवढं तरी आपण टीव्हीसमोर रोज सहज पाळतो. तेच खंडपीठाचा निकाल वाचताना पाळायला काय हरकत आहे?

आता समोरून जो प्रश्न येतो तो टाळता येणार नाही. "आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांचं काय? इथे गुन्हेगार सुटतात म्हणून लोक चिडले आहेत, आणि तुम्ही कैद्यांची काळजी करता?" नागपूरकराला हे विचारायचा अधिकार इतरांपेक्षा जास्त आहे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरातल्या बायकांच्या जमावाने अक्कू यादवला इथल्या न्यायालयातच ठार मारलं. त्याने वर्षानुवर्षं त्या वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केले होते आणि पोलिसांकडे जाऊन काही होत नाही हा त्या बायकांचा अनुभव होता. त्या दिवशी तो जामिनावर सुटणार अशी त्यांना भीती होती. त्या बायकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण त्यांच्या बाबतीत पोलिसांनी जे केलं आणि नाशिकच्या प्रकरणातल्या सहा मजुरांच्या बाबतीत जे केलं, ते एकाच तपासयंत्रणेचं काम आहे. गरिबाची तक्रार आली की ती घ्यायची नाही, आणि वरून दबाव आला की गरिबालाच उचलायचं. नाशिकच्या त्या आईने ओळखलेल्या चार जणांना कोणी हात लावला नाही. चुकीची माणसं आत गेली त्या दिवशी तिचा न्यायही गेला. निर्दोष माणसासाठी बोलणं म्हणजे पीडितेच्या विरोधात बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या आईकडून विचार करून बघावा.

मालिकांबद्दल मला दोन तक्रारी आहेत आणि त्या प्रेक्षकांच्या वतीनेच आहेत.

पहिली, मालिकेत खोट्या आरोपात अडकणारा माणूस नेहमी देवमाणूस असतो. सून असेल तर सोज्वळ, तुळशीला पाणी घालणारी, शत्रूलाही क्षमा करणारी. म्हातारा असेल तर आयुष्यभर परोपकार केलेला. त्यामुळे आपल्या मनात एक हिशोब पक्का बसतो. अन्याय फक्त चांगल्या माणसांवर होतो, आणि ज्याचं वागणं बरं नाही त्याने काहीतरी केलंच असणार. खऱ्या आयुष्यात खोट्या गुन्ह्यात अडकणारा माणूस बहुधा असा गोड नसतो. तो दारू पिणारा असू शकतो. आधी एखाद्या भांडणात आत जाऊन आलेला असू शकतो, आणि पोलिसांच्या यादीत त्याचं नाव आहे म्हणूनच नवा गुन्हा घडला की पहिलं दार त्याचं वाजतं. तो बायकोशी नीट वागत नसेल. उद्धट असेल. त्याच्या वस्तीचं, जमातीचं नाव घेतल्यावरच लोक नाक मुरडत असतील. या खुनाशी त्याचा संबंध नाही, इतकीच त्याची बाजू असते आणि कायद्याला तेवढी पुरायला हवी. आपल्याला ती पुरत नाही. त्याच्या बाजूने बोलायचं म्हटलं की आपण आधी त्याचं चारित्र्य मागतो. माझी लेखकांना मनापासून विनंती आहे. एकदा तरी असा माणूस दाखवा जो आपल्याला आवडत नाही, आणि तरीही त्याने तो गुन्हा केलेला नाही. प्रेक्षक त्याच्यासाठी तळमळतील का, हे बघू या. मला वाटतं तळमळतील. लेखक समजतात त्यापेक्षा प्रेक्षकांचं मन मोठं आहे.

दुसरी, खटला सुटतो तो मार्ग. खलनायिका बेसावध क्षणी सगळं कबूल करते, कोणीतरी दाराआडून मोबाईलवर टिपतं, तारखेच्या दिवशी शेवटच्या घटकेला ती क्लिप कोर्टात येते आणि जज हातोडा आपटून सुटका जाहीर करतात. आपल्या कोर्टात हातोडा नसतोच, पण ते सोडा. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि याचं कारण ती कशी मिळवली जाते हे इंग्रजांच्या काळापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मालिकांमध्ये मात्र ठाण्यात दोन कानाखाली वाजवल्या की खरं बाहेर येतं, आणि खलनायकाला वाजवल्या म्हणून आपण खूश होतो. त्याच ठाण्यात तशाच दोन वाजवल्या गेल्यावर निर्दोष माणूसही कबूल होतो, हे कोणी दाखवत नाही. खरी माणसं सुटतात ती वेगळ्या वाटेने. पंचनाम्यातल्या वेळा जुळत नाहीत, जप्त मुद्देमालाचं सील ठीक नसतं, ओळख परेड उशिरा झालेली असते, पंच दरवेळी तेच असतात. एखादा तरुण वकील हजार पानं पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा हे सापडतं. यात नाट्य नाही असं म्हणणाऱ्याने नाशिकच्या प्रकरणाचा निकाल वाचावा. अल्बममधल्या चार फोटोंची नोंद कागदपत्रांतच होती.

"केस किती लांबवून राहिले," ही प्रेक्षकांची सगळ्यांत मोठी ओरड होती, तिच्याबद्दल थोडं. दोन-अडीच वर्षं केस चालते म्हणून लोक वैतागले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतले तीन. ज्यांचा खटला अजून संपलेला नाही, ज्यांना कायदा निर्दोष मानतो, अशी. यांतले किती खरोखर निर्दोष निघतील हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणूनच तर खटला लवकर चालायला हवा. पेशीच्या दिवशी आरोपीला न्यायला पोलीस गार्ड नसतो, साक्षीदार येत नाही, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते, पुढची तारीख पडते.

आणि जामीन मिळाला तरी सुटका होतेच असं नाही. न्यायाधीशांनी आदेश दिला की लोखंडी दार उघडतं, हे मालिकेत. प्रत्यक्षात जामीनदार लागतो, त्याची कागदपत्रं लागतात, ऐपतीचा दाखला मागतात. गडचिरोलीहून किंवा छत्तीसगडहून कामाला आलेल्या मजुराला नागपुरात कोण जामीन राहणार? मग जामीन मंजूर होऊनही माणूस आतच. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर स्पष्ट सूचना दिल्या. जामिनाचा आदेश कारागृह अधीक्षकांना ईमेलने पाठवायचा, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. ती आणली तेव्हा तीत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. पुढे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ ने याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला, ठरावीक गंभीर गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाँडवर सोडायची तरतूद केली. कागदावर हे सगळं आहे. ते वापरायला लावणारं लोकमत नाही.

सुटकेनंतरचं तर आपण बघतच नाही, कारण मालिका तिथे औक्षण करून मोकळी होते. रुदुल साह हा बिहारमधला माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला एकूण ३५,००० रुपये भरपाई दिली आणि तो निकाल ऐतिहासिक मानला जातो. नाशिकच्या प्रकरणातल्या प्रत्येकाला पाच लाख मिळावेत असा आदेश झाला, तोही न्यायालयाने तसं ठरवलं म्हणून. हक्क म्हणून मागता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरडल्या गेलेल्यांना भरपाई आणि पुनर्वसन देणारा कायदा करावा अशी शिफारस केली. तो अहवाल तसाच पडून आहे. सुटलेल्या माणसाला "पुराव्याअभावी सुटला" म्हणून कोणी कामावर घेत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, भाड्याने खोली मिळत नाही. इथे सरकार कमी आणि आपण जास्त दोषी आहोत. घरमालक आपण, दुकानमालक आपण, सोयरीक मोडणारेही आपणच.

फौजदारी कायदा आणि त्याची कार्यपद्धती हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे दिल्लीची वाट न बघता राज्यालाही यात काही करता येतं. महाराष्ट्राने २०१३ मध्ये अत्याचारपीडित महिलांसाठी मनोधैर्य योजना आणली. तशीच योजना खोट्या खटल्यात वर्षं गमावलेल्यांसाठी आणायला अडचण इच्छाशक्तीचीच आहे. दर डिसेंबरात विधिमंडळ आपल्या दारात येतं. अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेतकरी, कंत्राटी कामगार, सगळ्यांचे मोर्चे आपण बघतो आणि त्यांच्यामुळे बंद झालेल्या रस्त्यांवरून वाट काढतो. मधुभाऊंच्या सुटकेची दोन वर्षं वाट पाहिलेल्या बायकांनी आपल्या आमदाराला एक पत्र द्यावं. जिल्ह्यातले किती कच्चे कैदी जामीन मंजूर होऊनही आत आहेत, विधी आयोगाच्या २०१८ च्या अहवालावर राज्याने काय केलं, एवढे दोन प्रश्न सभागृहात विचारा, असं त्यात लिहावं. याला वकील लागत नाही, पक्ष लागत नाही.

आणि वाहिन्यांकडे एक मागणी करावी. कोठडीतल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. बायकांना तर कोठडीत नसतानाही आहे. त्यासाठी १५१०० हा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे. हा क्रमांक माहीत असलेली माणसं माझ्या ओळखीत फार थोडी आहेत, आणि त्यांतले बहुतेक वकील आहेत. सिगारेटचं दृश्य आलं की पडद्यावर खाली इशारा येतो. अटकेचं दृश्य येईल तेव्हा त्याच जागी हा क्रमांक आणि मोफत वकिलाची ही एक ओळ दाखवायला वाहिनीला काही खर्च नाही.